स्वर्गवासी साक्षीदार

"आज ते असते तर त्यांना काय वाटलं असतं?" हे वाक्य दर राष्ट्रीय सणाला, दर निवडणुकीला, एखादा मोठा कोर्टाचा निकाल आला की हमखास ऐकू येतं. आणि म्हणणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, ही त्यातली खरी गंमत. ज्याला सरकार आवडत नाही त्याच्या मते देशाचे संस्थापक ढसाढसा रडले असते, ज्याला आवडतं त्याच्या मते त्यांचा ऊर भरून आला असता. मी अजून एकही माणूस असा बघितला नाही जो म्हणाला की बाबा माझं मत अमुक आहे, पण संस्थापकांना विचारलं असतं तर ते माझ्या विरुद्ध बोलले असते. एकही नाही. मग आपण विचारतोय कोणाला? स्वतःलाच, फक्त आवाज त्यांचा काढून.

मेलेला साक्षीदार सगळ्यात सोयीचा असतो. त्याची उलटतपासणी होत नाही, तो फितूर होत नाही, आणि मध्येच उठून म्हणत नाही की अहो थांबा, मी असं कधी म्हणालोच नव्हतो.

पण मला त्याहून मोठी अडचण वेगळीच वाटते. आपण असं धरून चालतो की या लोकांनी देश उभा केला आणि लगेच तसबिरीत जाऊन बसले. तसं झालेलं नाहीये. बरेचसे संस्थापक नंतर चांगले जगले, कोणी पाच वर्षं, कोणी वीस, कोणी पन्नास, आणि आपण उभा केलेला देश त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, त्यावर बोलले, चिडले, एकमेकांच्या अंगावर गेले, स्वतः लिहिलेलं स्वतःच बदललं. म्हणजे कल्पना लढवायची फारशी गरजच नाही, नोंदी पडलेल्या आहेत. त्या वाचायला बसलं की हे 'त्यांना काय वाटलं असतं' प्रकरण डळमळायला लागतं.

अमेरिकेचंच घ्या, कारण संस्थापकांचा हा नाद सगळ्यात जास्त तिथेच आहे. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला राज्यघटना लिहायला ५५ प्रतिनिधी आले, शेवटी सह्या केल्या ३९ जणांनी. बाकीचे बरेचसे आधीच घरी निघून गेलेले, पण तिघं असे की शेवटच्या दिवसापर्यंत बसले आणि सही करायची वेळ आली तेव्हा नाही म्हणाले. त्यातला एक जॉर्ज मेसन, ज्याने ११ वर्षं आधी व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा लिहिला होता, आणि त्याची एक मोठी तक्रार हीच की या घटनेत नागरिकांच्या हक्कांची यादीच नाही. बरं ज्यांनी सही केली त्यांचं काय? ८१ वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन, त्या सभेतला सगळ्यात म्हातारा प्रतिनिधी, त्या दिवशी म्हणाला की यातले काही भाग मला आत्ता पटत नाहीत, पण पुढे कधीच पटणार नाहीत असंही मी म्हणत नाही, कारण इतकं आयुष्य काढल्यावर महत्त्वाच्या गोष्टींवरची मतं बदलावी लागल्याचा मला अनुभव आहे. आता ज्या माणसाला सही करताना उद्याचं स्वतःचं मत काय असेल याची खात्री नव्हती, त्याचं सव्वादोनशे वर्षांनंतरचं मत आपण छातीठोकपणे सांगतो, याला काय म्हणायचं?

पुढची गोष्ट अजून भारी आहे. हक्कांची यादी नंतर जोडली गेली, १७९१ मध्ये, त्यात पहिल्याच कलमात भाषणस्वातंत्र्य आणि वृत्तपत्रस्वातंत्र्य. आणि सातच वर्षांनी, १७९८ मध्ये, सरकारवर बदनामीकारक टीका केली तर तुरुंग असा कायदा आला, त्यावर सही कोणाची, तर तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाची, जॉन अ‍ॅडम्सची, म्हणजे अस्सल संस्थापक, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्याची सही आहे तो. त्या कायद्याखाली व्हर्माँटचा मॅथ्यू लायन नावाचा एक खासदार आत गेला आणि आत असतानाच पुन्हा निवडून आला. या कायद्याविरुद्ध गुपचूप ठराव लिहून देणारे दोघं कोण, तर जेफरसन आणि मॅडिसन, तेही तेवढेच अस्सल, आणि त्यातला जेफरसन तेव्हा त्याच अ‍ॅडम्सचा उपराष्ट्राध्यक्ष. म्हणजे १७९८ मध्ये कोणी विचारलं असतं की संस्थापकांना हे बघून काय वाटेल, तर उत्तर असं आलं असतं की दोन संस्थापक एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, जा विचारून या, सगळे जिवंत आहेत.

वॉशिंग्टनने जाताना १७९६ च्या निरोपाच्या लेखात पक्षबाजीपासून सावध राहा असं सांगितलं, ते तिथे अजूनही मोठ्या भक्तिभावाने वाचतात, पण तोपर्यंत त्याच्याच मंत्रिमंडळात बसून गेलेल्या दोघांनी, हॅमिल्टन आणि जेफरसनने, दोन पक्ष करून झालेले होते. हॅमिल्टन तर १८०४ मध्ये द्वंद्वात गोळी लागून गेला, आणि गोळी झाडणारा होता चालू उपराष्ट्राध्यक्ष आरन बर. आज राजकारणाची पातळी घसरली म्हणून संस्थापकांना धक्का बसेल म्हणतात. असेलही, पण त्यांची स्वतःची पातळी एकदा बघून घ्या.

आता जेफरसनचं जरा सविस्तर बघूया, कारण तो निराश झाला होता हे त्याने लिहूनच ठेवलंय. एप्रिल १८२० मध्ये तो एका पत्रात म्हणतो की १७७६ च्या पिढीने केलेला त्याग त्यांच्या मुलांच्या अविचारी भावनांपायी वाया जाणार अशी समजूत घेऊनच मी मरणार. वाचून वाईट वाटतं, संस्थापक हळहळतोय. पण कशावरून हळहळतोय? मिसुरी राज्याच्या प्रश्नावरून. नव्या प्रदेशात गुलामगिरी कुठपर्यंत चालू द्यायची याची एक रेषा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, नकाशावर मारली होती, आणि जेफरसनला त्या रेषेची धास्ती वाटत होती, ती पुढे देश फाडेल म्हणून. ती भीती खरीही ठरली, ४१ वर्षांनी यादवी झाली. पण त्याच्या दुःखात गुलामांचं दुःख कुठे होतं? सगळी माणसं समान जन्माला येतात असं लिहिणाऱ्या या माणसाच्या मालकीची आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं होती. आणि गुलाम मुक्त झाले तरी काळे आणि गोरे एका देशात एकत्र नांदू शकणार नाहीत, हे त्याचं मत छापील आहे.

तर मग आजच्या अमेरिकेत तो उतरला आणि त्याला कळलं की २००८ मध्ये एक कृष्णवर्णीय माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, दोनदा आला, तर तो चक्रावेल, कदाचित नाराजही होईल. पण ती नाराजी अमेरिकेच्या जमेच्या बाजूला मांडायची की खर्चाच्या? मला तर वाटतं काही बाबतीत संस्थापक नाराज होणं हेच देश पुढे गेल्याचं सर्टिफिकेट आहे. ते दुखावतील म्हणून एखादी गोष्ट चूक, असं होत नाही.

आपल्याकडे येऊ. आपण म्हणतो 'घटनाकारांना हे अपेक्षित नव्हतं'. पण घटनाकार कोण? २ वर्षं, ११ महिने, १८ दिवस चाललेली ती घटना समितीची सभा, २४ जानेवारी १९५० ला शेवटी सह्या करणारे २८४ सदस्य, आणि त्यांच्यात एकमत किती होतं ते चर्चेचे खंड उघडून बघा. खेड्याला घटनेचा पाया करा म्हणणारे गांधीवादी तिथे होते, आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाचं बीळ नाहीतर काय असं ठणकावून सांगणारे बाबासाहेब पण तिथेच. के. हनुमंतय्यांनी तर सरळ तक्रार केली की आम्हाला वीणा-सतारीचं संगीत हवं होतं आणि हाती आला इंग्रजी बँड. या सगळ्यांना एका पोत्यात भरून 'घटनाकारांची इच्छा' काढायची म्हटली तर कोणाची काढणार?

आणि घटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं, पहिली सार्वत्रिक निवडणूकही व्हायची होती, तेव्हा जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. केली कोणी? हंगामी संसदेने. म्हणजे त्याच सभेने, थोडेफार चेहरे सोडले तर त्याच माणसांनी. भाषणस्वातंत्र्यावर घालता येणारी बंधनं वाढवली, जमीन सुधारणा कायदे कोर्टात पडू नयेत म्हणून नववं परिशिष्ट आणलं, मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदीचा मार्ग मोकळा केला. नेहरूंनी विधेयक मांडलं, आंबेडकरांनी कायदामंत्री म्हणून बाजू घेतली, श्यामाप्रसाद मुखर्जींनी कडाडून विरोध केला, आणि हे तिघंही घटना समितीत होते! मग १९५१ च्या भारताकडे बघून घटनाकारांना काय वाटलं? दोघांना वाटलं गरजेचं आहे, एकाला वाटलं घात आहे. यातलं काही चांगलं, काही मला स्वतःला अजिबात न पटणारं आहे, पण 'मूळ घटना पवित्र होती आणि नंतरच्यांनी बिघडवली' ही गोष्ट इथेच संपते, कारण पहिला हात मूळवाल्यांनीच लावला.

बाबासाहेबांचं तर उदाहरण असं आहे की अंगावर काटा येतो. मसुदा समितीचा अध्यक्ष, आणि त्याच घटनेखाली झालेल्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून पराभूत. त्याआधी हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून मंत्रिपदाचा राजीनामा. सप्टेंबर १९५३ मध्ये राज्यसभेत ते उद्वेगाने म्हणाले की लोक मला सांगतात घटना तुम्ही लिहिली, पण ती जाळायला सगळ्यात पुढे मी असेन. हे अर्धं वाक्य लोक दोन्ही बाजूंनी फेकून मारतात. पुढे मार्च १९५५ मध्ये त्यांना सभागृहात विचारलं की तुम्ही असं का म्हणालात, तर ते म्हणाले, आम्ही देवासाठी मंदिर बांधलं, पण देवाची प्रतिष्ठापना व्हायच्या आधीच त्यात राक्षस येऊन बसला, मग मंदिर पाडण्याशिवाय काय करणार. म्हणजे पाच वर्षांत, फक्त पाच! आपण पंच्याहत्तर वर्षांनंतर विचारतोय की त्यांना काय वाटेल, आणि त्यांनी पाचव्या वर्षीच सभागृहात उभं राहून सांगून टाकलंय.

राजाजी बघा, घटना समितीचे सदस्य, देशाचे गव्हर्नर जनरल, आणि १९५९ मध्ये ऐंशीच्या वयात नेहरूंच्या आर्थिक धोरणाविरुद्ध स्वतंत्र पक्ष काढून बसले. आचार्य कृपलानी, मूलभूत हक्कांच्या उपसमितीचे अध्यक्ष, त्यांनी १९६३ मध्ये नेहरू सरकारवर लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. या माणसांना आपण आता एका ओळीत उभं करून एकच पुष्पहार घालतो.

शेजारी पाकिस्तानात तर हा खेळ जास्तच जीवघेणा झाला. जिना ११ ऑगस्ट १९४७ ला म्हणाले की तुम्ही देवळात जा, मशिदीत जा, तुमच्या धर्माचा राज्यकारभाराशी संबंध नाही, आणि तेराच महिन्यांत, सप्टेंबर १९४८ मध्ये, ते गेले. मार्च १९४९ मध्ये उद्दिष्टांचा ठराव आला ज्यात सार्वभौमत्व अल्लाचं. तेव्हापासून तिथे एक गट ११ ऑगस्टचं भाषण दाखवतो, दुसरा गट जिनांचीच दुसरी भाषणं दाखवतो, आणि दोघांकडे पुरावा असतो. ज्या देशाचं काय करायचं हे जिवंत लोकांनी ठरवायचं, तो देश सत्तर-पंच्याहत्तर वर्षं एका माणसाचं मन ओळखत बसलाय.

इथे कोणी म्हणेल की मग काय, संस्थापकांना गुंडाळून ठेवायचं? त्यांच्या हेतूचा धाक नसेल तर उद्या बहुमतवाले वाट्टेल ते करतील. हा आक्षेप मला हलका वाटत नाही, खरंच नाही. केशवानंद भारतीच्या खटल्यात, एप्रिल १९७३ मध्ये, १३ न्यायमूर्तींच्या पीठाने ७ विरुद्ध ६ असा निकाल दिला की संसद घटना दुरुस्त करू शकते पण तिचा मूलभूत ढाचा मोडू शकत नाही, आणि मी त्या निकालाच्या बाजूचा आहे. पण नीट बघा, 'मूलभूत ढाचा' हे शब्द घटनेत नाहीत. ते १९७३ च्या जिवंत न्यायाधीशांनी, समोरच्या जिवंत सरकारकडे बघून, घटना वाचून काढले. जबाबदारी त्यांची, सही त्यांची, टीका झाली तीही त्यांच्यावर. जर्मनांनी हीच गोष्ट १९४९ मध्ये स्वतःच्या घटनेत, ७९ व्या कलमात, स्पष्ट लिहूनच ठेवली, कारण कायदेशीर मार्गाने हुकूमशाही कशी घुसते हे त्यांनी नुकतंच भोगलं होतं. लिहिलेला शब्द पाळणं वेगळं, आणि मेलेल्याच्या मनात काय असेल याचा अंदाज पाळणं वेगळं. पहिल्याला मी कायदा म्हणतो, दुसऱ्याला अंगात येणं म्हणतात.

खुद्द मॅडिसनचंच बघा. फिलाडेल्फियाच्या चर्चेच्या सगळ्यात तपशीलवार नोंदी त्याने काढल्या, आणि त्या हयातीत छापू दिल्या नाहीत. तो १८३६ मध्ये गेला, नोंदी आल्या १८४० मध्ये. १८२१ च्या एका पत्रात तो स्वच्छ लिहितो की घटनेचा अर्थ लावताना त्या सभेतल्या चर्चांना अधिकृत प्रमाण मानता येणार नाही. म्हणजे आम्ही खोलीत काय बोललो ते सोडा, जे मंजूर झालं ते वाचा. आता याला काय करणार, संस्थापकांचा हेतू बघा म्हणणाऱ्यांना संस्थापकाचा हेतू असा की आमचा हेतू बघू नका!

जेफरसन याच्याही पुढे गेला होता. ६ सप्टेंबर १७८९ ला त्याने पॅरिसहून मॅडिसनला पत्र लिहिलं की पृथ्वी जिवंत माणसांची आहे, मेलेल्यांचा तिच्यावर हक्क नाही. मग मृत्यूचे तक्ते घेऊन हिशोब मांडला आणि सांगितलं की प्रत्येक घटना, प्रत्येक कायदा १९ वर्षांनी आपोआप संपला पाहिजे. मॅडिसनने फेब्रुवारी १७९० मध्ये उत्तर दिलं, अगदी सौम्य शब्दात, की बाबा रे, असं केलं तर सरकारावर कोणाचा भरवसाच राहणार नाही, आणि मागच्या पिढीने केलेल्या सुधारणांचा फायदा घ्यायचा तर त्यासाठी काढलेलं कर्जही पुढच्यांना फेडावं लागेल. मला दोघांचंही पटतं, हे जरा लाजत सांगतो. पण १९ वर्षांचा हिशोब बाजूला ठेवला तरी त्यामागचा विचार मरत नाही, आणि तो कुठे पोचला बघा. २५ नोव्हेंबर १९४९, घटना समितीतलं बाबासाहेबांचं शेवटचं मोठं भाषण, त्यात ते नेमका हाच जेफरसन काढतात. प्रत्येक पिढी म्हणजे वेगळं राष्ट्रच समजावं, तिने स्वतःला बांधून घ्यावं, पण पुढच्या पिढीला बांधायचा तिला अधिकार नाही. आणि मग म्हणतात, म्हणून आम्ही या घटनेवर अंतिम आणि अचूक असा शिक्का मारलेला नाही, दुरुस्तीची पद्धत सोपी ठेवली आहे. म्हणजे ज्यांच्या नावाने आपण 'हात लावू नका' म्हणतो त्यांनी जाताना हात लावायची सोय करून ठेवली होती.

त्याच भाषणात अजून एक गोष्ट आहे जी मला या सगळ्यात कामाची वाटते. बाबासाहेब तिथे भविष्य सांगत नाहीत, भावना सांगत नाहीत, तपासायच्या गोष्टी सांगतात. घटनात्मक मार्ग उपलब्ध असताना लोक सत्याग्रह-असहकारासारख्या घटनेबाहेरच्या मार्गांकडे वळतायत का? एखाद्या मोठ्या माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य वाहतायत का? धर्मात भक्ती ठीक, पण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते असं ते म्हणाले. एक माणूस एक मत झालं, पण समाजात आणि पैशात एक माणूस एक मूल्य झालं का? हे प्रश्न विचारायला त्यांना बोलवायची गरजच नाही, आपण आपल्या डोळ्यांनी बघून उत्तर देऊ शकतो, आणि उत्तर चुकलं तर चूक आपली. 'बाबासाहेबांना काय वाटलं असतं' मध्ये ही जबाबदारी नाहीये म्हणून ते बोलायला सोपं जातं. आणि भक्तीचा इशारा देणाऱ्याचीच भक्ती करायची म्हणजे कमालच.

सिंगापूरचं एक छोटं उदाहरण देतो, मला ते फार आवडतं. तिथला पहिला पंतप्रधान ली क्वान यू १९८८ मध्ये भाषणात म्हणाला होता की मला थडग्यात उतरवत असाल आणि काहीतरी बिघडतंय असं वाटलं तरी मी उठून उभा राहीन. असा खमक्या माणूस. त्याने मृत्युपत्रात स्वतःच्या राहत्या घराबद्दल लिहून ठेवलं की ते पाडावं, स्मारक वगैरे नको. २०१५ मध्ये तो गेला, आणि २०१७ मध्ये त्याच्या पोटच्या तीन मुलांचं, त्यातला एक तेव्हा पंतप्रधान, त्या घरावरून जगासमोर भांडण झालं, की वडिलांना नक्की काय हवं होतं. एक घर. लेखी इच्छा. मुलं सख्खी. आणि आपण अख्ख्या देशाबद्दल, लेखी काही नसताना, नातं नसताना, बेधडक सांगतो.

बोलिव्हारचं मात्र वाईट वाटतं. दक्षिण अमेरिकेचा अर्धा खंड स्पेनच्या ताब्यातून सोडवला, ग्रान कोलंबिया नावाचं मोठं राष्ट्र उभं केलं, आणि ते डोळ्यांदेखत फुटताना बघत १८३० च्या डिसेंबरात गेला. जायच्या महिनाभर आधी लिहिलं की ज्याने क्रांतीची सेवा केली त्याने समुद्र नांगरला. आज व्हेनेझुएलाच्या अधिकृत नावातच बोलिव्हार आहे, बोलिव्हिया तर त्याच्याच नावाचा देश. नावं भरपूर दिली.

आणि खरोखर संस्थापक समोर हजर असेल तर आपण त्याला काय विचारतो? झांबियाचे केनेथ कौंडा. १९६४ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, २७ वर्षं सत्तेत, त्यातली बरीच एकपक्षीय राजवटीची, म्हणजे सज्जन म्हातारा वगैरे सरळ चित्र नाही. पण १९९१ मध्ये निवडणूक हरले आणि खुर्ची सोडून बाजूला झाले, जे त्या काळात त्या खंडात कमी जणांनी केलं. १९९६ मध्ये तिथे घटनाच बदलली गेली, राष्ट्राध्यक्षपदासाठी आईवडील दोघंही जन्माने किंवा वंशाने झांबियाचेच पाहिजेत, कौंडांचे आईवडील मूळचे आत्ताच्या मलावीतले, त्यामुळे ते बाद. आणि १९९९ मध्ये एका न्यायालयाने निकाल दिला की हे गृहस्थ झांबियाचे नागरिकच नाहीत. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष, आणि त्याला देशच नाही! पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात ते फिरलं आणि नागरिकत्व परत मिळालं. नंतर ते २०२१ पर्यंत जगले. त्यांना देश कसा वाटतो हे विचारायला दोन दशकं होती, माणूस बहुतेक काळ तिथेच राहत होता.